गाडी ओढायला येतात तेव्हा : वसुली एजन्सींना कोणते नियम लागू असतात?

हप्ते थकले की 'गाडी खेचली' असे आपल्या इंदुरात मराठी माणूसही सर्रास म्हणतो. पुण्या-मुंबईकडे 'गाडी ओढून नेली' म्हणतात, आणि बँकेच्या कागदांत त्यालाच 'रिपझेशन' म्हणजे तारण वाहनाचा ताबा घेणे असे भारदस्त नाव आहे. नाव कोणतेही घ्या, ज्याच्या दारातून गाडी जाते त्याची झोप उडते, आणि गाडी पोटापाण्याची असेल तर घरातली चूलही अडचणीत येते.

मंडळातल्या आम्हा चार-पाच निवृत्त बँकवाल्यांकडे वर्षभर जे प्रश्न येतात, त्यांत मुदत ठेव आणि टीडीएस यांच्या खालोखाल हाच प्रश्न असतो. विचारणारे बहुतेक वेळा स्वतः कर्जदार नसतात. कोणाचा भाचा टॅक्सी चालवतो, कोणाच्या भाडेकरूची लोडिंग रिक्षा असते, कोणी शेजारधर्म म्हणून जामीन राहिलेले असतात. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे, असे ठरले. आम्ही वकील नाही. पण खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला तीस-पस्तीस वर्षे काढली आहेत आणि नियमांची परिपत्रके वाचणे हे आमचे कामच होते.

सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न : "या लोकांकडे सरकारी लायसन्स असते का हो?" नसते. अमेरिकेतल्या काही राज्यांत गाड्या परत आणणाऱ्या एजन्सींना राज्य सरकारचा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँक एजन्सीला असा परवाना देत नाही. आपल्याकडची पद्धत अशी, की रिझर्व्ह बँकेचे बंधन बँकेवर आणि वित्त कंपनीवर असते, आणि एजन्सीला त्या बँकेने आपल्या यादीवर घेतलेले असावे लागते. यादीवर घेण्यापूर्वी एजन्सीची आणि तिच्या माणसांची चौकशी करणे, पूर्वेतिहास तपासणे ही बँकेची जबाबदारी. एजंटाने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या संस्थेची 'डेट रिकव्हरी एजंट'ची परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या मूळ परिपत्रकात त्यासाठी किमान १०० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. म्हणजे 'आम्ही लायसन्सवाले आहोत' असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर त्याच्या हातात जास्तीत जास्त हे प्रमाणपत्र, एजन्सीचे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असू शकते. पोलिसासारखा अधिकार यातल्या एकाही कागदाने मिळत नाही.

यातून निघणारा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. एजंटाने काहीही केले तरी त्याची अंतिम जबाबदारी बँकेची. "तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे" हे उत्तर शाखेत मिळाले तर ते मुकाट्याने ऐकून परत येऊ नका. काम बाहेर दिले म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही, हे आउटसोर्सिंगच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे.

गाडी नेमकी कोणाची?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. जुन्या काळी ट्रक वगैरे 'हायर परचेस'वर, म्हणजे भाडेखरेदीवर मिळत. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक वित्त कंपनीच, आणि चालवणारा केवळ भाडेकरू. आजची बहुतेक वाहनकर्जे 'हायपोथिकेशन'ची असतात. यात मालक तुम्ही, ताबा तुमचा, पण गाडीवर बँकेचा बोजा. आरसी बुकावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे त्या बोजाची नोंद होते. आरटीओतले दलाल त्यालाच 'एचपी चढवणे' म्हणतात.

मालक तुम्ही आहात, म्हणजे बँकेला गाडीला हात लावता येत नाही असे नाही. कर्ज घेताना ज्या करारावर तुम्ही चाळीस ठिकाणी सह्या केल्या, त्यात हप्ते थकल्यास ताबा घेण्याचे कलम असते. तो करार मराठीत किंवा हिंदीत क्वचितच असतो, अक्षरे मुंगीएवढी असतात आणि शोरूममध्ये पेढे आधी येतात, कागद नंतर. तरी आमचे सांगणे आहे की कराराची प्रत मागून घ्या. ती देणे बँकेवर बंधनकारक आहे. पुढे जे काही भांडण होईल ते त्या कागदावर होईल.

रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २००८ ला बँकांसाठी वसुली एजंटांबद्दल सविस्तर परिपत्रक काढले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, गाड्यांना कर्ज देणाऱ्या बिगरबँक वित्त कंपन्यांनाही ताबा घेण्याच्या कलमाबाबत तशाच सूचना दिल्या. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २००७ चा एक निकाल होता. त्या प्रकरणात ट्रकच्या ताब्यासाठी दांडगाईची माणसे वापरल्याची तक्रार होती, आणि वसुलीसाठी गुंड नेमता येणार नाहीत, कायद्याच्या मार्गानेच जावे लागेल, असे न्यायालयाने बजावले. परिपत्रके पुढे एकत्र होतात, त्यांची नावे आणि क्रमांक बदलतात. पण पुढे जे सांगतो आहोत तो गाभा तेव्हापासूनचा आहे.

करारातले ताब्याचे कलम नुसते 'आम्ही गाडी घेऊ शकतो' एवढे असून चालत नाही. त्यात सहा गोष्टी असाव्या लागतात. ताबा घेण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस देणार. कोणत्या परिस्थितीत ती नोटीस न देता चालेल. ताबा घेण्याची रीत काय. विक्री किंवा लिलावापूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी देणार. कर्जदाराने पैसे भरले तर गाडी परत कशी करणार. आणि विक्रीची पद्धत काय. हे कलम कायद्याला धरून असावे आणि करार करतेवेळी कर्जदाराच्या नजरेस आणून दिलेले असावे. आता यातली दुसरी गोष्ट पुन्हा वाचा. नोटीस केव्हा माफ, हे करारात लिहायची मुभा आहे, आणि पुष्कळ कंपन्या तिथे इतकी मोकळी भाषा घालतात की नोटीस हा अपवादच होऊन बसतो. 'वाहन लपवले जाण्याची शक्यता वाटल्यास' असे शब्द असले, की शक्यता कोणाला वाटायची? अर्थात कंपनीलाच. नियम चांगला आहे, त्याची पळवाटही त्याच्याच पोटात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दारात कोण आले आहे?

वसुलीचे काम एजन्सीकडे देताना बँकेने कर्जदाराला त्या एजन्सीचे नाव आणि तपशील कळवला पाहिजे. एजंटाजवळ बँकेच्या नोटिशीची प्रत, बँकेचे अधिकारपत्र आणि बँकेने किंवा एजन्सीने दिलेले ओळखपत्र हे तिन्ही हवे. अधिकारपत्रावर एजन्सीचे फोन नंबर असतात. मध्येच एजन्सी बदलली, तर नव्या एजन्सीचे नाव पुन्हा कळवायला हवे. बँका आपल्या वेबसाइटवर एजन्सींची यादी ठेवतात. ती पाहून ठेवलेली बरी.

याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. आमच्यापैकी एकाच्या गल्लीत शाळेची व्हॅन चालवणारा एक तरुण राहतो. उन्हाळी सुट्टीत शाळा बंद, त्यामुळे त्याचे तीन हप्ते तुंबले. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरातच, मुलांना सोडून परत येताना, तिघा जणांनी मोटारसायकली आडव्या घालून व्हॅन थांबवली. किल्ली मागितली. कागद विचारल्यावर मोबाईलमधला एक फोटो दाखवला. त्याने आमच्या मित्राला फोन लावला. मित्राने एकच प्रश्न विचारायला लावला : अधिकारपत्रावर एजन्सीचे नाव काय आहे? त्याला घरी आलेल्या पत्रात एक नाव होते आणि ही माणसे भलत्याच एजन्सीची निघाली. तोवर किल्ली काढून घेतली गेली होती आणि व्हॅन शहराबाहेरच्या यार्डात गेली. पण त्या एका विसंगतीवर वित्त कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज गेला. दोन हप्ते भरून घेऊन, यार्डाचे आणि ओढून नेण्याचे पैसे न लावता, चौथ्या दिवशी व्हॅन परत मिळाली. मधल्या दिवसांत पालकांनी दुसरी व्हॅन लावली, त्यांतली तीन मुले परत आली नाहीत. हे नुकसान कोणत्याही तक्रारीत भरून निघत नाही.

मोबाईलवरून आठवले. आजकाल ही मंडळी नाक्यावर, टोलपाशी, मॉलच्या पार्किंगमध्ये उभी असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर फोनमधल्या यादीशी ताडून पाहतात. पुष्कळदा त्यांना तुमचे नावही ठाऊक नसते. तुम्ही काल हप्ता भरला असेल तर यादी जुनी असू शकते. म्हणून हप्ता भरल्याची पावती किंवा बँकेचा मेसेज फोनमध्ये जपून ठेवा, आणि गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर त्यालाही पाठवून ठेवा.

वेळेचा नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतो. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. त्याच परिपत्रकात शिवीगाळ, अंगावर येणे, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा संदर्भासाठी नाव दिलेल्यांच्या खासगी आयुष्यात घुसणे, मोबाईलवर किंवा समाजमाध्यमांवर अभद्र संदेश, निनावी धमक्या आणि खोटी माहिती देणे या सर्वांना मनाई आहे. 'उद्या अटक वॉरंट निघेल' हे खोट्या माहितीचे नेहमीचे उदाहरण. हप्ता थकणे ही दिवाणी बाब आहे, निव्वळ त्यासाठी अटक होत नाही. (हप्त्यासाठी दिलेला चेक परत गेला तर चेकचा खटला होऊ शकतो, ती गोष्ट वेगळी. ईसीएस किंवा नॅच परत गेल्यावरही तसा खटला होऊ शकतो, हे लोकांना माहीत नसते.)

आणखी एक तरतूद २००८ पासून आहे, पण तिचा वापर करताना आम्ही फार थोडे लोक पाहिले. कर्जदाराने कर्जाबद्दल तक्रार केलेली असेल, तर तिचा निकाल लावेपर्यंत बँकेने ते प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये. कर्जदार मुद्दाम फालतू तक्रारी करत राहतो आहे असे पुराव्यानिशी दिसले, तरच बँक पुढे जाऊ शकते. तेव्हा हिशोबात खरोखर घोळ असेल, भरलेला हप्ता जमा दाखवला नसेल, दंड चुकीचा लावला असेल, तर ते शाखेत तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी द्या, पोचपावती घ्या, तारीख असू द्या. दंडाबद्दल सांगायचे तर १ एप्रिल २०२४ पासून दंडाचे व्याज लावून ते मुद्दलात मिसळत नेणे बंद झाले आहे; फक्त वाजवी दंडशुल्क लावता येते आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

नियम मोडले तर रिझर्व्ह बँक काय करते, असे कुत्सितपणे विचारणारे असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातल्या हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टर ओढून नेताना एका शेतकऱ्याची गर्भवती मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावली. त्यानंतर काही दिवसांतच रिझर्व्ह बँकेने संबंधित मोठ्या वित्त कंपनीला बाहेरच्या एजन्सींमार्फत वसुली आणि ताबा घेण्याचे काम तात्काळ थांबवायला लावले. ती बंदी जानेवारी २०२३ मध्ये उठली. साडेतीन महिने ही शिक्षा पुरेशी होती का, याबद्दल आमच्यातच दोन तट आहेत.

न्यायालये काय म्हणतात

इथे थोडे सावकाश वाचावे लागेल, कारण अर्धवट बातम्यांवरून लोक दोन्ही टोकांचे समज करून घेतात. एक टोक असे, की 'कोर्टाच्या हुकमाशिवाय गाडी नेताच येत नाही'. दुसरे असे, की 'बँकेची गाडी, बँक केव्हाही नेईल'. दोन्ही चूक.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सांगितले, की भाडेखरेदीच्या करारातही ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यावा, बळजोरीने नव्हे. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटले, की भाडेखरेदीत हप्ते थकल्यास वित्त कंपनी ताबा घेऊ शकते. नोटीस लागेल की नाही हे कराराच्या अटींवर अवलंबून आहे. पण करारात नोटीस लिहिली असेल तर ती दिलीच पाहिजे, आणि न देणे ही सेवेतली त्रुटी. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले, की एजंटांकरवी जबरदस्तीने गाडी उचलणे म्हणजे माणसाच्या जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत हक्कावर घाला आहे. तिथल्या पोलीस अधीक्षकांना अशा जप्त्या होणार नाहीत हे पाहण्याचे आदेश दिले आणि दोषी बँका-कंपन्यांवर प्रत्येकी ५०,००० रुपयांचा भुर्दंड बसवला. हा निकाल बिहारचा. मध्य प्रदेशात तो दाखला म्हणून देता येईल, बंधनकारक म्हणता येणार नाही.

या सर्वांची बेरीज एवढीच, की तुम्ही शांतपणे किल्ली दिली तर कराराप्रमाणे घेतलेला ताबा सहसा वैध ठरतो. तुम्ही 'नाही' म्हणालात, तर एजंटाला झटापट करण्याचा अधिकार नाही. मग बँकेला कायद्याची दुसरी वाट धरावी लागते. एक वाट सरफेसी कायदा, २००२ ची. त्यात ६० दिवसांची मागणी-नोटीस, मग ताबा, तोही दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करून, आणि विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस असा क्रम आहे. पण १ लाखापर्यंतच्या कर्जांना तो कायदा लागू नाही, आणि वित्त कंपन्यांना तो फक्त २० लाख व त्यावरच्या कर्जांसाठी वापरता येतो. म्हणजे रिक्षा-टेम्पोची बहुतेक कर्जे त्यातून निसटतात. दुसरी वाट लवादाची. करारात लवादाचे कलम असतेच. त्याखाली कोर्टाकडून किंवा लवादाकडून अंतरिम आदेश घेऊन रिसीव्हर नेमतात आणि तो गाडी घ्यायला येतो. लवाद चेन्नईत किंवा कोलकात्यात आणि कर्जदार राऊत किंवा महूत, असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. अशी नोटीस आली तर फेकू नका. कंपनीने एकटीनेच आपल्या मर्जीचा लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केले आहे, आणि तो आक्षेप घेण्यासाठी उत्तर द्यावेच लागते.

पोलीस काय करतात? ताब्यापूर्वी आणि ताब्यानंतर एजन्सी ठाण्यात लेखी कळवते, अशी पद्धत आहे. ती केवळ माहिती, ती पोलिसांची परवानगी नव्हे. कळवण्याचे एक कारण असे, की तुम्ही गाडी चोरीची तक्रार घेऊन गेलात तर ठाणेदाराला खरी गोष्ट माहीत असावी. पुष्कळदा पोलीस 'हे तुमचे दिवाणी प्रकरण' म्हणून परत पाठवतात. ताबा वैध की अवैध हा वाद खरोखरच दिवाणी असतो. पण रस्ता अडवणे आणि धमकावणे हे गुन्हे आहेत, भारतीय न्याय संहितेत त्यांना अनुक्रमे कलम १२६ आणि ३५१ आहे, आणि तक्रार त्या शब्दांत लिहिली तर ठाण्याला ती टाळणे अवघड जाते. प्रसंग चालू असतानाच ११२ ला फोन करणे उत्तम. फोन नोंदला जातो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने सांभाळा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. यार्डात गेल्यावर 'ही फक्त पावती आहे' म्हणून जो कागद पुढे करतात, तो पुष्कळदा 'मी स्वेच्छेने गाडी जमा करत आहे' असा असतो, आणि एकदा त्यावर सही झाली की जबरदस्तीची तक्रार पांगळी होते. दुसरी गोष्ट, गाडीतल्या वस्तूंची यादी. स्टेपनी, बॅटरी, टेप, जॅक, गाडीचे कागद, मीटरचे आकडे, टायरची स्थिती हे सर्व इन्व्हेंटरीत लिहून एक प्रत मिळाली पाहिजे. डिकीतले तुमचे सामान बँकेकडे तारण नाही. ते काढून घेण्याचा हक्क तुमचा आहे. फोनवर गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. लिलावात भाव का कमी आला हे विचारायची वेळ आली, तर तेवढाच पुरावा हाती असतो.

यार्डापासून लिलावापर्यंत

गाडी गेली म्हणजे कर्ज संपले, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. समजा ४,१०,००० रुपये येणे आहे. गाडी लिलावात २,८५,००० ला गेली आणि ओढणे, यार्ड, लिलाव यांचा खर्च १२,००० लागला. तर १,३७,००० रुपये तुमच्या नावावर शिल्लक राहतात, त्यांची वसुली पुढे चालू राहते, आणि सिबिलवर डाग पडतो तो वेगळाच. उलट येणे फिटून पैसे उरले तर ते कर्जदाराला परत मिळायला हवेत. ते मागावे लागतात, आपणहून आलेले आम्ही क्वचितच पाहिले.

म्हणून ताबा गेल्यानंतरचे पहिले पंधरा-वीस दिवस मोलाचे. लिलावापूर्वी शेवटची संधी देणारे पत्र येते. पत्ता बदलला असेल तर ते जुन्या भाड्याच्या घरी जाऊन पडते आणि गाडी विकली गेल्यावरच कळते. पत्ता बदलला की बँकेला कळवणे, एवढे साधे काम लोक करत नाहीत. संधीच्या पत्रात किती रक्कम मागितली आहे ते पाहा : फक्त थकलेले हप्ते भरून गाडी मिळेल, की सगळे कर्ज एकदम मागत आहेत? करारात सगळे कर्ज परत मागण्याचे कलम असते, पण अनेक कंपन्या थकबाकी आणि खर्च घेऊन गाडी सोडतात, कारण त्यांनाही यार्डात उभी, पावसात गंजणारी गाडी नको असते. हे बोलणे एजंटाशी नव्हे, शाखेशी करा, आणि रोख पैसे एजंटाच्या हातात पावतीशिवाय मुळीच देऊ नका.

जामीनदारांनी हेही ऐकून ठेवावे. करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या, असे म्हणता येत नाही. वरच्या उदाहरणातले १,३७,००० रुपये जामीनदाराच्या पेन्शन खात्याच्या बँकेतून मागणीपत्राने आले, की मग मंडळी आमच्याकडे येतात.

तक्रारीची पायरी अशी. आधी बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज परत येतो, म्हणून पहिली पायरी टाळू नका. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. धंद्याच्या गाडीबाबत 'तू ग्राहकच नाहीस' असा आक्षेप घेतला जातो. पण स्वतः चालवून त्यावर पोट भरणाऱ्याला कायद्याने ग्राहकच मानले आहे. वाहनकर्जाची किरकोळ येणी लोकअदालतीतही मिटतात, आणि तिथे दोन्ही बाजू जरा माणसासारख्या बोलतात असा आमचा अनुभव आहे.

आता कर्जदारांची बाजू घेता घेता एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. नंबर प्लेट बदलून गाडी फिरवणे, गावाकडे नातेवाइकाच्या गोठ्यात लपवणे, किंवा बँकेला न सांगता विकून टाकणे, हे चातुर्य नव्हे. यात फौजदारी अंगावर येऊ शकते, आणि नोटिशीशिवाय ताबा घ्यायला कंपनीला आयते कारण मिळते. बँकेच्या नोंदीत हप्ता थकल्याच्या पहिल्या दिवसापासून खाते निरीक्षणाखाली येते आणि ९० दिवसांनंतर ते बुडीत वर्गात जाते. या तीन महिन्यांत शाखेत जाऊन अडचण सांगणाऱ्याला मुदत वाढवून किंवा हप्ता कमी करून देण्याचे मार्ग असतात. नव्वदावा दिवस उलटला की शाखाप्रमुखाचेही हात बांधले जातात.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. 'चालू लोनवर' म्हणजे पुढचे हप्ते तुम्ही भरा, गाडी तुमची, असा स्टॅम्प पेपरवरचा व्यवहार बँकेच्या संमतीशिवाय करू नका. हप्ते तुम्ही भराल, आणि मूळ कर्जदाराची दुसरी थकबाकी निघाली की गाडी तुमच्या दारातून जाईल. बँकेच्या लिलावातून गाडी घ्यायची असेल तर आरसी कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. मूळ मालक आरसी देत नसेल, तर कलम ५१ प्रमाणे वित्तसंस्थेला फॉर्म ३६ भरून, आरटीओने मूळ मालकाला म्हणणे मांडायची संधी दिल्यानंतर, आपल्या नावाची नवी आरसी घेता येते. ते काम झालेले नसेल तर लिलावात स्वस्त मिळालेली गाडी महिनोन्‌महिने नावावर होत नाही. विम्याची मुदत, थकलेला रोड टॅक्स आणि ऑनलाइन चलान हेही बोली लावण्यापूर्वीच तपासावे.

आणि ज्यांचे कर्ज सुखरूप फिटले आहे त्यांनी बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत एचपी उतरवून घ्यावी. आमच्याकडे असे सदस्य आहेत की ज्यांचे कर्ज २०१४ साली फिटले आणि आरसीवर अजून बँकेचे नाव आहे. एनओसीवर मुदत छापलेली असते. ती संपली की पुन्हा शाखेत जाऊन नवी मागावी लागते, आणि तोवर ती शाखा कुठल्या बँकेत विलीन झाली हे शोधण्यापासून सुरुवात होते.